चार हजार हर्ट्झ

केसपेपरवर नाव : त्र्यंबक गोविंद तांबट.
वय एकोणऐंशी. राहणार तांबट लेन, जुनं नाशिक.
व्यवसायाच्या रकान्यात नातवानं लिहिलं 'काही नाही',
आणि म्हाताऱ्यानं ते माझ्याच पेनानं खोडलं.

शालिमारजवळ दुसऱ्या मजल्यावर आमची ध्वनिरोधक खोली.
म्हणजे पूर्वीची अडगळ, भिंतींना फोम,
आणि एक खिडकी, जी मालक बुजवू देत नाही.
कानांवर हेडफोन चढवते, हातात बटण देते.
आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी.
ते मान डोलावतात. माझे ओठ वाचून.

आठ हजार. काही नाही.
सहा हजार. काही नाही.
चार हजारांपाशी आलेख विहिरीत उतरतो,
पायऱ्या नसलेल्या.
त्या लेनमधले अकरा कान मी आजवर तपासलेत,
अकरांचीही विहीर त्याच जागी खणलेली.
हंडा ठोकताना हंडाही माणसाला ठोकत असतो,
हे कॉलेजात कुणी अशा शब्दांत शिकवलं नव्हतं.

मग दिवा लागतो.
मी काही सोडलेलं नाही.
पुन्हा लागतो. पुन्हा. पुन्हा.
मशीन गप्प, आणि अंगठा मात्र सारख्या अंतरानं पडतोय.
मी लिहून टाकते : अंदाजे दाबतात. चाचणी भरवशाची नाही.

हेडसेट काढल्यावर मला ऐकू येतं.
मार्चची दुपार, मागच्या उंबरावर कुणीतरी
टुक, टुक, टुक,
न थकता, न चिडता, न वळून बघता.

"तांबट आहे," ते ओरडतात, बहिऱ्यांच्या मापानं. "आमच्यातला."

मीही ओरडून विचारते, नाव कुणी कुणाचं घेतलं?

त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं असं :
एका पोराला घंगाळ मठारायला बसवलं,
मालक म्हणाला, मी जेवून येतो तोवर हात थांबवू नकोस.
मालक आलाच नाही. पोरानं हात थांबवला नाही.
कपाळावर भट्टीची ठिणगी उडाली ती तिथंच राहिली,
गळ्याला पितळ लागलं,
आणि अंगावर कळकलेल्या तांब्याचा हिरवा चढला.
"खोटंच असणार," ते म्हणतात,
"पण मजुरी दिली नाही, एवढं खरं वाटतं."

माझ्या मामांच्या मळ्यात, दिंडोरीकडे, त्यालाच जुकटुक म्हणायचे.
तिथं तांबट नव्हते, ठोकायला भांडं नव्हतं,
म्हणून आवाजालाच नाव व्हावं लागलं.
पक्ष्यांच्या पुस्तकात लॅटिन नाव आहे,
त्यात रक्ताळलेलं डोकं सापडतं,
हातोडी कुठंच नाही.

हे सगळं मी त्यांना सांगत नाही.
त्यांना सांगायचंय ते वेगळंच :
घरात खालच्या मजल्यावर आता मोबाईलची कव्हरं विकतात,
ऐरण जिन्याखाली, तिच्यावर चपला.
पणतूनं परवा विचारलं,
आपण पक्ष्याचं आडनाव का लावतो?
"मग काय सांगितलंत?"
"म्हटलं, लावू दे. त्याच्याकडं काम आहे."

मी पुन्हा आलेख बघते.
खालची पट्टी, हजाराच्या अलीकडची, जवळजवळ शाबूत.
हा पक्षी तिथंच राहतो.
दयाळ वर गेला, शिंजीर वर गेला, चष्मेवाला कधीच वर गेला,
सगळे त्या विहिरीत चोची उघडून बसलेत
आणि काठावर एकटाच हा ठोकतोय.

'भरवशाची नाही' वर मी आडवी रेघ मारते.

यंत्राची किंमत नातू विचारतो. ते विचारत नाहीत.
ते एवढंच विचारतात, मशीन लावलं तर हा मोठा ऐकू येईल का?
नाही, हा आहे तेवढाच. बाकीचे ऐकू येतील, मी म्हणते.

ते खिडकीकडे बघतात, बराच वेळ.
"बाकीच्यांची नावं मला येत नाहीत."